रात्री मशीन डबीत ठेव

अगं, काल तुझा मेसेज आला तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. ‘ताई, पाऊस लागला. मशीन भिजून बिघडेल म्हणून कपाटात ठेवून दिलंय. गणपती होईपर्यंत असंच चालवेन, तसंही मला ओठांवरून पुष्कळ कळतं.’ एवढंच लिहिलंयस. पण मला त्यातून दिसलं ते वेगळंच. तुझी छोटी मागून ‘आई, आई’ करतेय आणि तू तशीच ओट्याशी उभी आहेस.

मार्चमध्ये कानाचं मशीन घेतलंस. पहिले दोन आठवडे भांड्यांचा आवाज सहन होत नाही म्हणून रडत होतीस. मग हळूहळू कान सरावले. खरं तर कान नाही, मेंदू सरावतो. कुठला आवाज सोडून द्यायचा आणि कुठला धरायचा हे त्याला नव्याने शिकावं लागतं. ते शिकून जेमतेम झालंय, आणि तू तीन महिन्यांची सुट्टी घ्यायला निघालीस. सप्टेंबरात मशीन परत घालशील तेव्हा पुन्हा पहिल्या पायरीवर असशील. म्हणून आज सगळं सविस्तर लिहितेय. एका बैठकीत वाचून काढ, आणि हवं तर जपून ठेव.

पहिली गोष्ट, कपाट. आपल्याकडे आषाढ-श्रावणात कपाटात काय होतं ते तुला मी सांगायला नको. चपलांवर बुरशी येते, ठेवणीतल्या साड्यांना कुबट वास येतो, मीठ ओलं होतं, काडेपेटीची काडी पेटत नाही, पापड डब्यातून काढला की लोळतो. मुंबईतसुद्धा जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रता सरासरी ८० टक्क्यांच्या वर असते. तुझं घर तर नदीकाठचं, मागे डोंगर. अशा हवेत बंद कपाटात, आत सेल तसाच ठेवून पडलेलं मशीन तीन महिने दमट हवा पीत बसतं. त्यातून सेल फुगला किंवा पाझरला, की त्याचा क्षार आतल्या पट्ट्यांवर चढतो. मी आजवर जेवढी कायमची गेलेली मशीन पाहिली त्यातली बरीचशी कपाटात ठेवलेलीच होती. रोज वापरलेलं आणि रोज रात्री सुकवलेलं मशीन पावसाळा नीट काढतं.

दुसरी गोष्ट, पाऊस. तू पावसाला घाबरतेस. मीही घाबरायचे. माझं पहिलं मशीन आलं तेव्हा मी २८ वर्षांची होते, डोंबिवलीहून रोज लोकलने जायचे. पावसाचा एक थेंबही त्यावर पडू दिला नाही. छत्री, डोक्याला स्कार्फ, वर रेनकोटची टोपी. तरी जुलै संपता संपता उजव्या कानातलं मशीन मध्येच बंद पडायला लागलं. सकाळी छान चालायचं, दुपारी आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा व्हायचा, संध्याकाळी गाडीत तर पूर्ण गप्प. रात्री काढून ठेवलं की दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू. मला वाटायचं सेलच खराब निघतायत. आठवड्यात तीन-तीन सेल बदलले. ज्या दुकानातून घेतलं होतं तिथे दोनदा गेले, दोन्ही वेळा त्यांनी पुसून, नवा सेल घालून परत दिलं आणि सुकवण्याबद्दल एक अक्षर सांगितलं नाही.

शेवटी एका दुरुस्ती करणाऱ्या म्हाताऱ्या गृहस्थांनी ते माझ्यासमोर उघडलं. भिंग हातात दिलं आणि म्हणाले, बघा. सेल बसतो तिथल्या पट्ट्यांवर हिरवट थर होता. कल्हई गेलेल्या पितळेच्या भांड्यात ताक कळकतं ना, तसा. ते म्हणाले, बाई, हे पावसाचं पाणी नाही. हा तुमचा घाम आहे.

रेनकोटच्या टोपीखाली, स्कार्फच्या आत, गच्च भरलेल्या डब्यात मी चार-चार तास घामाने निथळत होते, आणि कानामागे बसलेलं मशीन ते सगळं सोसत होतं. साध्या पाण्यापेक्षा घाम वाईट, कारण त्यात मीठ असतं. पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं, ते पुन्हा हवेतला ओलावा ओढतं आणि तांब्यापितळेला खात राहतं. त्याशिवाय कानाच्या आतली हवा. कानाचं भोक मोल्डने, म्हणजे कानात बसणाऱ्या साच्याने, दिवसभर बंद असतं, आत अंगाची ऊब, तिथली हवा सदा ओलसर. ती नळीतून वर मशीनकडे जाते. म्हणजे तू दिवसभर घरात बसलीस, खिडकीसुद्धा उघडली नाहीस, तरी मशीनला रोज ओल मिळतेच. मे महिन्यात मिळते, ऑक्टोबरच्या उकाड्यातही मिळते. म्हणून मी सांगेन ते पावसाळ्यापुरतं धरू नकोस.

ओल शिरलीय हे कसं ओळखायचं? माझ्या बाबतीत घडलं तसंच बहुतेक घडतं. आवाज तुटक येतो, कधी तळणीत पाणी पडल्यासारखी चरचर ऐकू येते, कधी आवाज दबतो. कानात गरम झालं की बिघडतं आणि रात्रभर उघडं राहिलं की सुधारतं, ही तर नक्की खूण. सेल नेहमीपेक्षा लवकर संपायला लागला, त्यावर पांढरी भुकटी दिसली, नळीत थेंब दिसला, तर थांबू नकोस. ‘कधीकधी होतं तसं’ म्हणून मी दीड महिना काढला आणि ते मशीन गेलं. त्या वेळी माझे अडीच पगार त्यात गेले होते.

आता रात्रीचं काम. यात एक दिवसही खाडा करायचा नाही, देवाजवळ दिवा लावतेस तसं हे धर.

मशीन काढण्याआधी हात कोरडे कर. कोरड्या, मऊ, सुती कापडाने ते सगळीकडून पूस. जुन्या धुतलेल्या धोतराचा तुकडा सगळ्यात चांगला. टिश्यूचे तंतू माईकच्या भोकात अडकतात, आणि ओल्या पुसण्या तर लांबच ठेव, स्पिरिटसुद्धा नको. माईकची बारीक भोकं वरच्या अंगाला असतात, तिथे दात घासायच्या मऊ, कोऱ्या, कोरड्या ब्रशने अलगद झटक. टाचणी, सुई, आगकाडी काही म्हणता काही आत घालायचं नाही. मग सेलचं दार उघड, सेल काढ, तोही पूस, दाराच्या आतला भाग पूस. दार उघडंच ठेव. मशीन डबीत, सेल डबीच्या बाहेर. हे ‘बाहेर’ लक्षात ठेव, का ते पुढे सांगते. डबीचं झाकण घट्ट. सकाळपर्यंत.

डबी म्हणजे काय, तर झाकण गच्च बसेल अशी छोटी डबी आणि तळाशी सिलिका जेलचे मणी. श्रवणयंत्राच्या दुकानात तयार मिळते, औषधाच्या दुकानातही कधी मिळते, घरीही करता येते. पारदर्शक प्लॅस्टिकची घे, स्टीलची नको. मणी ओल पितात आणि रंग बदलतात, तो रंग झाकण न उघडता दिसायला हवा. निळे मणी ओलावा पिऊन गुलाबी होतात. नारिंगी मणी हिरवे पडतात किंवा रंग सोडतात. माझं ऐकशील तर नारिंगी घे, कारण निळ्यात रंगासाठी कोबाल्ट क्लोराईड असतं आणि ते विषारी आहे. तुझ्या घरात लहान मूल आहे. कुठल्याही रंगाचे असोत, मणी मलमलच्या छोट्या पुरचुंडीत बांध, म्हणजे त्यांची भुकटी मशीनला लागणार नाही, आणि डबी छोटीच्या हाताला येणार नाही अशा जागी ठेव.

खूप जण इथे चुकतात, गं. डबी घेतात, मोठ्या श्रद्धेने रोज मशीन त्यात ठेवतात, आणि मणी तीन आठवड्यांपूर्वीच गुलाबी होऊन बसलेले असतात. पोट भरलेले मणी काही पीत नाहीत. आपल्याकडच्या पावसाळ्यात रंग फार लवकर बदलतो, म्हणून झाकण उघडं टाकू नकोस आणि रोज एकदा रंगाकडे बघ. रंग गेला की मणी भाजून पुन्हा वापरता येतात. ओव्हन असेल तर साधारण ११० ते १२० अंशांवर तास-दोन तास. नसेल तर एखादी जुनी, स्वयंपाकातून कायमची बाद केलेली कढई घे, अगदी मंद आच ठेव आणि रवा भाजताना हलवतेस तसे हलवत राहा, मूळ रंग परत येईपर्यंत. जोराची आच लागली तर मणी जळतात आणि वाया जातात. खिडकी उघडी ठेव. निवताना झाकून ठेव, नाहीतर थंड होईपर्यंतच हवेतली ओल पिऊन बसतील. पूर्ण गार झाल्यावरच मशीन आत. आणि निळे मणी असतील तर त्या कढईत पुन्हा कधीही खायचं काही करायचं नाही. एवढं जमत नसेल तर सरळ नवे मणी आण, मशीनच्या किमतीपुढे त्यांची किंमत काहीच नाही. बुटांच्या खोक्यातल्या पांढऱ्या पुड्यांवर मात्र विसंबू नकोस. त्या किती ओल प्यायल्यात हे कळायला काही मार्ग नाही.

विजेवर चालणारी पेटीही मिळते, त्यात हलकी ऊब देऊन काही तासांत मशीन सुकतं. माझ्याकडे आता ती आहे आणि मला आवडते. पण तुझ्याकडे पावसात वीज किती वेळा जाते ते मला ठाऊक आहे, म्हणून तुझ्यासाठी मण्यांची डबीच बरी.

तांदळाच्या डब्यात मशीन ठेवायचं नाही. कोणीतरी सांगेलच तुला. तांदूळ ओल फारशी ओढत नाही, आणि त्याची पूड भोकांत जाते. केस वाळवायचं यंत्र, तवा, इस्त्री, शेगडीजवळची जागा, खिडकीतलं कडक ऊन, यातलं काहीही नको. जास्त उष्णतेने आतले नाजूक भाग जातात आणि ते दुरुस्त होत नाहीत.

आता सेल. तुझ्या मशीनला १३ नंबरचा लागतो, नारिंगी स्टिकरवाला. हे सेल झिंक-एअर जातीचे. म्हणजे त्यांना चालायला हवा लागते. स्टिकर काढलास की त्याखालची बारीक भोकं उघडतात, हवा आत जाते आणि सेल जागा होतो. म्हणून स्टिकर काढून चार-पाच मिनिटं तसाच ठेव, मग मशीनमध्ये घाल. घाईने घातला तर पूर्ण ताकद येत नाही. एकदा स्टिकर काढल्यावर तो परत चिकटवून सेल वाचवता येत नाही, त्यामुळे ‘बघू चालतो का’ म्हणून उगाच उघडून ठेवू नकोस. सेलच्या आत ओलसर द्रव असतो. हवा फार दमट असली तर तो भोकातून पाणी ओढून फुगतो आणि पाझरतो. हवा फार कोरडी असली तर आतला द्रवच वाळतो. डबीतली हवा अगदी कोरडी, म्हणून सेल बाहेर. सेलचं पाकीट फ्रिजमध्येही नको. गार सेल बाहेर काढला की त्यावर दव धरतं. स्वयंपाकघरापासून लांब, कोरड्या खणात ठेव, आणि पर्समध्ये सुट्या नाण्यांबरोबर तर मुळीच नको. वापरलेला सेल हातातून थेट कचऱ्याच्या बंद डब्यात टाक. मुलाने असा सेल गिळला तर वाट बघायची नाही, त्याच क्षणी दवाखाना. हे तुला घाबरवायला नाही सांगत, पण हे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

तुझी नणंद चार्जिंगचं मशीन घेणार म्हणतेस ना, तिलाही सांग. त्यातला सेल काढायचा नसतो, पण चार्जरमध्ये ठेवण्याआधी ते पुसून कोरडं करायलाच हवं. घामट मशीन तसंच ठेवलं की चार्ज होणाऱ्या जागेवर तोच हिरवा थर चढतो. काही चार्जरमध्ये सुकवायची सोय आत दिलेली असते, काहींत नसते. आपल्यात आहे का, आणि हे मशीन डबीत ठेवलं तर चालेल का, हे तिने ऑडिऑलॉजिस्टला विचारून घ्यावं. हे मशीन ऊब देणाऱ्या पेटीत मनानेच ठेवायचं नाही.

नळीतला थेंब. तुझ्या शेवटच्या फोटोत मला तो स्पष्ट दिसला होता. वरणाचं पातेलं झाकून ठेवलं की झाकणाला आतून पाणी सुटतं, तसंच हे. कानातली हवा गरम, नळी बाहेरच्या गारव्याला, म्हणून आत थेंब धरतो. एसीत बसणाऱ्यांना हा त्रास जास्त. एक थेंब नळीत आडवा बसला तरी आवाज अडतो, आणि लोक समजतात मशीन गेलं. मशीनच्या हुकापासून नळी हळूच ओढून सुटी कर, मोल्ड आणि नळी हातात घे, आणि रबरी फुंकणीने त्यातून हवा मार. मशीन जोडलेलं असताना फुंकणी कधी मारू नकोस. तोंडाने फुंकायचंही नाही, आपला श्वास ओलाच असतो. फुंकणी दुकानात मिळते आणि ती पर्समध्ये कायम असू दे, मी माझी नेहमी रुमालाशेजारी ठेवते.

नळी सुटी केलीस की आठवड्यातून एकदा मोल्डही धू. कोमट पाणी, एक थेंब सौम्य साबण, स्वच्छ खळबळून काढ, फुंकणीने पाणी उडव, रात्रभर वाळू दे, सकाळी जोड. पाण्यात जातो तो फक्त मोल्ड, मशीन नव्हे. दोन्ही कानांचे एकदम धुवायचे असतील तर उजव्याची खूण लाल आणि डाव्याची निळी असते, सगळीकडे हीच रीत आहे, तेव्हा अदलाबदल होणार नाही. नळी पिवळी आणि कडक झाली की बदलून घे. कडक नळीला चिरा जातात आणि मग मशीन शिट्टी मारायला लागतं.

दिवसा काय करायचं, ते थोडक्यात. बाहेर पडताना झिपची छोटी पिशवी बरोबर घे, त्यात मण्यांची एक बारीक पुरचुंडी. कोसळायला लागलं आणि आडोसा नसेल तर मशीन काढून त्यात ठेव. ओल्या रुमालात किंवा पर्सच्या बाहेरच्या खणात नको, तिथे पाणी आधी शिरतं. साधा पाऊस असेल तर मोठी छत्री पुरते, मशीन काढायची गरज नाही. स्कूटरवर हेल्मेटखाली घाम येतो, तेव्हा पोचल्यावर पहिलं काम मशीन आणि कानामागची कातडी पुसायचं. खूपच घाम येत असेल तर मशीनवर चढवायचे ताणले जाणारे कापडी मोजे मिळतात, तेही बरे पडतात, फक्त ते रोज धुवायला हवेत.

स्वयंपाकघरात मशीन काढायचं नाही. इथे मी ठाम आहे. कुकरची शिट्टी, दूध उतू जातानाची सळसळ, छोटी पडल्याचा आवाज, हे तुला ऐकू आलंच पाहिजे. फक्त कुकरचं झाकण काढताना किंवा मोदकांचं पात्र उघडताना तोंड वाफेवर नेऊ नकोस, एक पाऊल मागे उभी राहा. वाफ गेली की वाक.

आंघोळीला जाताना मशीन बाथरूममध्येच ठेवू नकोस, गरम पाण्याची वाफ सगळीकडे भरते. बाहेर काढून ठेव. न्हायलीस तर केस आणि कानाचा भाग नीट कोरडा होऊ दे, मग घाल. ओल्या केसांवर मशीन चढवून अंबाडा घालणं ही आपल्या बायकांची सगळ्यात नेहमीची चूक. सकाळची घाई असते, मला माहीत आहे. मग न्हाणं रात्री ठेव. पावडर, अत्तर, केसांचा रंग, सगळं आधी, मशीन सगळ्यात शेवटी.

आणि तेल. सासूबाई मायेने म्हणतील, पावसाळा आहे, कान ठणकत असेल, दोन थेंब कोमट तेल घालू. त्यांचा हात धर आणि नको म्हण. कानात तेल गेलं की ते मोल्डच्या भोकात आणि नळीत चढतं, आणि ज्यांच्या मशीनचा स्पीकर कानातच बसतो त्यांचा स्पीकरच बुजतो. दिवाळीच्या अभ्यंगस्नानालाही हेच. तेल, उटणं, न्हाणं सगळं होऊ दे, कान पुसून कोरडा होऊ दे, मग फराळाला बसताना मशीन घाल.

एवढं करूनही एखाद्या दिवशी ते पाण्यात पडेल. बादलीत पडेल, चहात पडेल, खिशात राहून धुण्यात जाईल. घाबरू नकोस. लगेच बाहेर काढ, सेल काढून टाकून दे, तो पुन्हा वापरायचा नाही. मोल्ड आणि नळी सुटी कर. वरचं पाणी टिपून घे, हलक्या हाताने झटक. दार उघडं ठेवून ताज्या मण्यांच्या डबीत पूर्ण एक दिवस आणि एक रात्र ठेव, जमलं तर दोन. मधे ‘चालतंय का बघू’ म्हणून सेल घालायचा नाही, कारण ओल्या मशीनमध्ये वीज फिरली की नुकसान होतं. समुद्राचं पाणी, चहा, साबणाचं पाणी असेल तर सुकण्याची वाट बघू नकोस, त्याच दिवशी ऑडिऑलॉजिस्टकडे पोचव.

खोक्यावर ‘आयपी ६८’ असं काही लिहिलेलं असेल तर त्याने गाफील होऊ नकोस. त्यातला ६ धुळीबद्दल सांगतो आणि ८ पाण्यात बुडण्याबद्दल. ती परीक्षा साध्या, स्वच्छ पाण्यात, कंपनीने ठरवलेल्या खोलीवर आणि ठरवलेल्या वेळापुरती होते. तुझा घाम, तेल आणि रोजची वाफ त्या परीक्षेत नसते. असं मशीन जास्त सोसतं हे खरं, पण रात्रीची डबी त्यालाही लागते.

कानाकडेही बघ. पावसाळ्यात बंद, ओलसर कानात बुरशी लवकर धरते. खाज, कान भरल्यासारखा वाटणं, पाणी येणं, वास, ठणका, यातलं काही झालं तर त्या कानातलं मशीन थोडे दिवस काढून ठेव आणि कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखव. काडीने खाजवू नकोस, मनाने थेंब घालू नकोस. एरवीही रोज झोपताना आठ तास कान उघडा राहतोच, त्या वेळात त्याला वारा लागू दे, कापसाचा बोळा नको.

तू ज्या केंद्रातून मशीन घेतलंस तिथे तीन-चार महिन्यांनी एकदा जा आणि सेलच्या पट्ट्या साफ करून घे, पावसाळ्याआधी आणि नंतर तर नक्की. मुंबईला येशील तेव्हा माझ्याबरोबर वांद्र्याला अली यावर जंग संस्थेत चल. १९८३ पासून तिथे कानांचं आणि बोलण्याचं काम चालतं. तुला मशीनबद्दल जे विचारायचंय ते तिथल्या माणसांना मोकळेपणाने विचार.

आता शेवटचं, आणि हे मला फार आवडतं. रोज सकाळी मशीन घातलं की छोटीला तुझ्या पाठीमागे दोन पावलांवर उभी कर आणि तिला सहा आवाज काढायला सांग. आ, ई, ऊ, म, श, स. क्रम रोज बदलायचा. तू ऐकून तेच परत म्हणायचंस. डॅनियल लिंग नावाच्या तज्ज्ञांनी बहिऱ्या मुलांना शिकवताना ही तपासणी बसवली आणि आज ती सगळीकडे वापरतात. या सहांमध्ये बोलण्यातले खोल आवाजही येतात आणि बारीकही. माझ्या मशीनमध्ये ओल धरायला लागली की ‘आ’ आणि ‘ऊ’ नीट येतात, पण ‘स’ आधी हरवतो. काल आलेला ‘स’ आज आला नाही, तर नळी बघायची, मणी बघायचे, सेल बदलून बघायचा, आणि तरी नाही आला तर केंद्र गाठायचं. पोरीला हा खेळ वाटेल. माझी लेक आता कॉलेजात आहे, अजून घरातून निघताना दारात उभी राहून ‘श’ म्हणते आणि मी मान हलवल्याशिवाय जात नाही.

तू ओठांवरून पुष्कळ समजून घेतेस, हे मला माहीत आहे. आपण दोघी लहानपणापासून तेच करत आलो. आईचे ओठ कंदिलाच्या उजेडात दिसायचे नाहीत म्हणून आपण कशा तिच्या अगदी पुढ्यात बसायचो, आठवतं? पण छोटी अजून चार वर्षांची आहे. ती तुझ्या समोर येऊन, उजेडात उभी राहून नाही बोलणार. ती मोरीतून बोलेल, पांघरुणातून बोलेल, तुझ्या पाठीवर डोकं ठेवून बोलेल.

तेव्हा आज संध्याकाळी कपाट उघड. आतला सेल काढ, पांढरा पडला असेल तर त्या पट्ट्या केंद्रात नेऊन साफ करून घे, तू खरवडू नकोस. सेल चांगला असेल तर मशीन पुसून, दार उघडं ठेवून आजची रात्र डबीत ठेव. डबी अजून घेतली नसशील तर बाजारपेठेत जाऊन आजच घे. उद्या सकाळी नव्या सेलचा स्टिकर काढ, पाच मिनिटं थांब, मग तो आत बसवून मशीन कानात घाल आणि छोटीला मागे उभी कर. तिचा ‘स’ ऐकू आला की मला मेसेज कर. मी फोन हातात घेऊन बसलेली असेन.